कंत्राटी कामगारांच्या पगाराचे सॉफ्टवेअर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या मनुष्यबळ पुरवठ्याच्या व्यवसायात तीन कारखान्यांत मिळून साधारण १४० कामगार आहेत आणि एप्रिल २०२४ पासून त्यांचे पगारपत्रक एका तयार सॉफ्टवेअरमधून निघते. एक्सेलमध्ये फुकटात होणाऱ्या कामासाठी दरडोई २० रुपये, म्हणजे महिन्याला २,८०० रुपये मोजताना हात आखडतच होता. तरीही डिसेंबरपर्यंत मी समाधानी होतो. जानेवारीत आमच्या एका वेल्डरला कावीळ झाली आणि ते समाधान संपले.

त्याने ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) आजारपणाच्या लाभासाठी अर्ज केला, तेव्हा १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या अंशदान काळात, म्हणजे वर्गणी मोजण्याच्या सहामाहीत, त्याचे फक्त ७४ दिवस भरल्याचे कळले. लाभासाठी किमान ७८ दिवस लागतात. एप्रिल, मे आणि जून २०२४ या तीन महिन्यांत रविवार वगळून बरोबर ७८ दिवस होतात आणि त्यातले चार दिवस तो बिनपगारी रजेवर होता. जुलैपासून त्याच्या पगारपत्रकात ईएसआयच्या रकान्यात शून्य होते.

हे शून्य कुठून आले, ते शोधायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. त्याचा पगार १९,२०० रुपये. जुलैत ओव्हरटाइम धरून तो २२,६०० झाला, सॉफ्टवेअरने योजनेसाठीची २१,००० ची पगारमर्यादा ओलांडल्याची नोंद करून त्याला योजनेतून वगळले आणि पुढच्या महिन्यांत पगार खाली आला तरी परत घेतले नाही. येथे एकात एक अशा दोन चुका आहेत. मर्यादा तपासताना ओव्हरटाइम धरायचाच नसतो; अंशदान कापताना मात्र तो तेव्हाच्या नियमाने धरावा लागत होता. शिवाय पगार खरोखरच वाढून मर्यादेबाहेर गेला, तरी कामगार त्या अंशदान काळाच्या अखेरीपर्यंत योजनेत राहतो. जुलैचे त्याचे १७० रुपये आणि आमचे ७३५ रुपये भरायला हवे होते. हातात १७० रुपये जास्त पडल्यावर तक्रार कोण करणार? आणि १४० जणांच्या ईएसआय भरण्याच्या चलनात ९०५ रुपयांची घट माझ्याही नजरेत आली नाही, हे मान्य करायला हवे.

सॉफ्टवेअर कंपनीच्या सेवा विभागाचे पहिले उत्तर होते की प्रणाली बरोबर आहे. दुसरे उत्तर असे की हा ‘ग्राहकाच्या गरजेनुसार बदल’ असून त्याचे ६,००० रुपये पडतील. कायदा वाचण्यात त्यांनी केलेल्या चुकीचे पैसे मी का द्यावेत, एवढेच मी विचारले आणि पुढचे नऊ दिवस तिकडून काहीच उत्तर आले नाही. दरम्यान कारखान्याने आमचे बिल रोखले, कारण ठेकेदाराने अंशदान बुडवले तर ते मुख्य मालकाच्या, म्हणजे कारखान्याच्या, गळ्यात येते. सहा महिन्यांची थकबाकी पावणेपाच हजारांच्या आसपास निघाली, त्यावर वार्षिक १२ टक्के व्याज. कामगाराचा वाटा ज्या त्या काळाच्या पगारातूनच कापता येतो, नंतरच्या पगारातून नाही. म्हणून तोही मीच भरला. आजारपणाच्या लाभाचे रोजचे सुमारे ५०० रुपये त्याच्या घरी तेव्हाच हवे होते. पहिले दोन दिवस सोडून अठरा दिवसांचे ९,००० रुपये मी त्याला दिले आणि ते उचल म्हणून लिहिले नाहीत.

एवढे लिहून मी एक तारा देऊन थांबणार होतो. पण पीएफच्या कामाबद्दल या सॉफ्टवेअरवर अन्याय होऊ नये. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी पेन्शनकडे जाणारे ८.३३ टक्के १५,००० च्या मर्यादेमुळे १,२५० रुपयांवर थांबवायचे आणि उरलेली रक्कम भविष्य निर्वाह निधीकडे वळवायची, हा हिशेब एक्सेलमध्ये माझ्याकडून दर दोन-तीन महिन्यांनी चुकत असे. येथे तो अकरा महिन्यांत एकदाही चुकला नाही आणि १५ तारखेच्या आत पोर्टलवर चढवायची फाइल पहिल्याच प्रयत्नात स्वीकारली जाते. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० रुपये कापायचा असतो, तेही त्याने न सांगता केले. २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना त्यातून बरोबर वगळले.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांनी ईएसआयची दुरुस्तीही पाठवली, तीही विनामूल्य. त्यामुळे मत बदलून तीन तारे देत आहे. चौथा मात्र देणार नाही, कारण दुरुस्तीनंतर अंशदान काळ पाळला जात असला, तरी नव्याने रुजू झालेल्या कामगाराच्या पहिल्या महिन्यात ओव्हरटाइम असेल, तर मर्यादा अजूनही तो धरूनच तपासली जाते. मार्चच्या पगारपत्रकात असे दोन जण मला हाताने योजनेत घ्यावे लागले. ही तक्रार नोंदवली आहे, उत्तर यायचे आहे.

जुनी एक्सेल फाइल मी पुन्हा उघडली असून तिच्यात फक्त तीन रकाने ठेवले आहेत : ओव्हरटाइम वगळून पगार, अंशदान काळ सुरू झाला त्या दिवशी कामगार योजनेत होता की नाही, आणि भरलेले दिवस. सॉफ्टवेअरचे वार्षिक नूतनीकरण ३१ मार्चला आहे. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास दहा टक्के सूट मिळते, ती सोडून मी सहा महिन्यांचेच पैसे भरले आहेत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंतचे.