वाकळ मशीनवर: रंगागणिक दोरा की सगळीकडे करडा?

इरकली काठ, नऊवारीचे तुकडे आणि पांढरं धोतर एकाच वाकळेत, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधडीत, आलं की वरचा दोरा किती वेळा बदलायचा?

रंगागणिक बदलायचा तर एका रंगाची सगळी ठिगळं उरकून मगच दुसरं रीळ लावायचं. यात खोड एकच, पण मोठी: शिलाई मधून कडेकडे न्यायचा क्रम मोडतो, थर सरकतात, चुण्या पडतात. म्हणून आधी दर चार बोटांवर कच्चे टाके हवेतच. बदलताना फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर उचला, दोरा रिळाजवळ कापा, नवा गाठ मारून जोडा आणि सुईच्या बाजूने ओढा. गाठ सुईपाशी आली की कापून नव्याने ओवा. नेढ्यातून ती जात नाही. उलटा, रिळाकडे ओढलात तर तंतू टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांत अडकतात. बॉबिन (खालच्या दोऱ्याची फिरकी) तीच ठेवली आणि तिचे ठिपके वर दिसले, तर वरचा ताण जरा सैल करा.

मध्यम करडा दोरा लाल-हिरव्या-निळ्यावर खपून जातो, धोतरावर मात्र उठून दिसतो. बॉबिनही करडी, त्यामुळे ठिपक्यांची कटकट नाही. रोजच्या अंथरुणाला हाच बरा. रंगांचा खटाटोप बाळाच्या दुपट्यासाठी राखून ठेवा.