कुळथाचं प्रोटीन आणि सीडी मशीन : बाहेरून येणाऱ्यांसाठी ही सेवा कशी आहे

तालुक्याच्या कॉलेजात शिकवता शिकवता पीएच.डी. करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो. प्रोटीन शुद्ध केलं, जेलवर एकच पट्टा आला, पण त्याची घडी, म्हणजे साखळी दुमडून बनलेला आकार, शाबूत आहे की मोडली हे कसं दाखवायचं? माझं काम कुळथातल्या ट्रिप्सिन इनहिबिटरवर, म्हणजे ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणाऱ्या प्रोटीनवर आहे. त्यासाठी मी पुण्यातल्या एका संस्थेची सर्क्युलर डायक्रोइझमची, म्हणजे सगळे म्हणतात ती ‘सीडी’ची, सेवा वापरली. बाहेरच्यांना तिथे तासावर पैसे भरून मशीन मिळतं.

मशीन जपानी, जॅस्को जे-815. तत्त्व थोडक्यात असं : डावीकडे आणि उजवीकडे फिरणारा ध्रुवित प्रकाश प्रोटीन सारखाच शोषत नाही, आणि तो फरक मशीन मोजतं. अल्फा हेलिक्स (साखळीचा मळसूत्री पीळ) असेल तर 208 आणि 222 नॅनोमीटरला दोन खड्डे दिसतात. बीटा शीट (शेजारीशेजारी लागलेल्या साखळ्यांचा पत्रा) असेल तर 218च्या आसपास एकच, आणि विस्कटलेली साखळी असेल तर 200च्या जरा खाली खोल खड्डा. स्फटिक नको, टॅग नको, प्रोटीनही मिलीलिटरला 0.1 ते 0.2 मिलीग्रॅम पुरतं. एनएमआरला (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना पाहण्याच्या पद्धतीला) लागतं तेवढं प्रोटीन आमच्यासारख्या लॅबमध्ये जमेपर्यंत वर्ष सरतं. म्हणून पहिला प्रयोग सीडीचाच करावा, असं माझं ठाम मत आहे.

या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिथल्या ऑपरेटर मॅडम. सॅम्पल हातात घेण्याआधीच त्यांनी विचारलं, “बफर कुठला?” बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण. शुद्धीकरणाच्या आयन एक्स्चेंज कॉलमवरून आलेलं प्रोटीन ट्रिस नावाच्या बफरात आणि मिठाच्या पाण्यात असतं, आणि क्लोराइड 200च्या खाली प्रकाश गिळून टाकतं. म्हणून मी 10 मिलिमोलर फॉस्फेटमध्ये डायलिसिस करूनच (सच्छिद्र नळीत भरून बफर बदलूनच) नेलं होतं. फरक मला डोळ्यांनी पाहायचा होता, म्हणून मिठातलं थोडं सॅम्पलही सोबत ठेवलं होतं. मॅडमनी दोन्ही लावून दाखवली. स्पेक्ट्रमच्या खाली एचटी व्होल्टेजची, म्हणजे डिटेक्टरला लागणाऱ्या व्होल्टेजची, रेघ येते. मिठाच्या सॅम्पलमध्ये ती 200च्या आधीच चढायला लागली आणि बघता बघता 700 व्होल्टच्या वर गेली. फॉस्फेटमधलं सॅम्पल 192पर्यंत नीट चाललं. व्होल्टेज 700च्या वर गेलं की डिटेक्टरपर्यंत पुरेसा प्रकाश पोचलेला नसतो, आणि वरची वळणं कितीही सुबक दिसली तरी तो डेटा टाकून द्यायचा. कुरियरने सॅम्पल पाठवून पीडीएफ मागवणाऱ्यांना ही रेघ बहुधा दिसतच नाही. मीठ लागणारच असेल तर सोडियम फ्लोराइड वापरा, हेही त्यांनीच सांगितलं.

डायलिसिसबद्दल एक सांगते, कारण ते आधी कोणी सांगत नाही. कॉलेजच्या कपाटात असते ती नळी साधारण 12 किलोडाल्टनची, म्हणजे त्याहून लहान रेणू बाहेर सोडणारी. कुळथाचा इनहिबिटर 8 किलोडाल्टनच्या आसपास आहे, तो त्यातून सरळ बाहेर जातो. 3.5ची नळी घ्या.

क्युव्हेट (सॅम्पल भरायची छोटी पारदर्शक कुपी) 1 मिलिमीटरचा, क्वार्ट्झचा, त्यांचाच. तो आमच्यासमोर सौम्य नायट्रिक ॲसिडने आणि मग अल्कोहोलने धुतला, नायट्रोजनच्या झोताने वाळवला आणि आधी नुसतं पाणी लावून बेसलाइन सपाट आहे का ते पाहिलं. आधीच्या कोणाचं प्रोटीन काचेला चिकटून राहिलं तर आपल्या आलेखात दुसऱ्याचंच हेलिक्स दिसायचं. ही पाच मिनिटं त्यांनी वाचवली नाहीत, याचं मला फार बरं वाटलं.

माझ्या प्रोटीनचा खड्डा 200च्या जवळ आला, हेलिक्सची खूण नाही. बोमन-बर्क कुळातल्या (कडधान्यांतल्या छोट्या) इनहिबिटरकडून हीच अपेक्षा असते, म्हणजे इथे 200जवळचा खड्डा घडी मोडल्याची खूण नव्हे. मग तापमानाचा रन लावला : 20पासून 90 अंशांपर्यंत, मिनिटाला एक अंश. अंड्यातला लायसोझाइम 75च्या आसपास उलगडतो. कुळथाचं प्रोटीन 90लाही जवळजवळ तसंच, आणि थंड केल्यावरचा आलेख तापवण्याआधीच्या आलेखावर बसला. सात डायसल्फाइड (गंधकाच्या) बंधांनी बांधलेलं ते, हलणार कसं? बंध तोडून मोजलेल्या सॅम्पलचा आलेख मात्र स्पष्ट बदलला. उकडलेल्या कुळथातही हा इनहिबिटर बराच तग का धरतो, याचं कारण असं पडद्यावर उमटताना पाहणं मला खूप आवडलं. (बंध तोडायला डीटीटी वापरत असाल तर मोजण्याआधी ते काढून टाका, तेही अतिनील प्रकाश शोषतं.)

आता तक्रारी. तापमानाचा एक रन तासाच्या वर जातो आणि बिल तासावर, त्यामुळे खर्च अंदाजापेक्षा वाढतो. बुकिंग करतानाच हे सांगायला हवं. आमच्या दिवशी नायट्रोजनचं सिलिंडर संपत आलं होतं आणि ते बदलेपर्यंत थांबावं लागलं. नायट्रोजनशिवाय झेनॉन दिवा लावायचा नाही, ऑक्सिजनपासून ओझोन होतो आणि आरसे खराब होतात. म्हणजे थांबणं योग्यच होतं, पण सिलिंडर आदल्या दिवशी पाहता आलं असतं. तिसरं म्हणजे रिपोर्टमध्ये फक्त चित्र देतात. आकड्यांची टेक्स्ट फाइल मागून घ्या, ती लगेच देतात. त्या फाइलशिवाय पुढचं विश्लेषण होत नाही.

विश्लेषणासाठी, म्हणजे आलेखावरून हेलिक्स-शीटची टक्केवारी काढण्यासाठी, मी बुडापेस्टच्या विद्यापीठाचं बेस्टसेल हे ऑनलाइन साधन वापरलं, फुकट आहे. बीटा शीटचे पीळ ते वेगवेगळे ओळखतं, म्हणून अशा प्रोटीनला मला ते लंडनच्या डायक्रोवेबपेक्षा बरं वाटलं. पण एकाग्रता चुकीची दिलीत तर टक्केवारीही चुकीचीच येणार. ट्रिप्टोफॅन नसलेल्या प्रोटीनला 280च्या शोषणावर विसंबू नका, दुसऱ्या एखाद्या पद्धतीनेही मोजून घ्या.

पाचपैकी चार तारे. एक तारा बिल आणि सिलिंडरसाठी कापला. जाणार असाल तर स्वतः जा, मशीनशेजारी बसा, आणि डायलिसिसचं बाहेरचं बफर बाटलीभर सोबत न्या, ब्लँकला (प्रोटीनविना तुलनेच्या मोजणीला) तेच लागतं. मी पुन्हा जाणार आहे ते 250 ते 320च्या पट्ट्यासाठी. तिथे टायरोसिन आणि डायसल्फाइडच्या आसपासची रचना दिसते, पण प्रोटीन कितीतरी जास्त लागतं. त्यासाठी आत्ताच कुळीथ भिजत घातलेत.