एमआर२ घ्यावी का बॉक्स्टर? जुन्या मिड-इंजिन गाडीच्या नादाला लागण्याआधी

साताऱ्याकडची बरीच पोरं आता इंग्लंडात नोकरीला आहेत, आणि तिकडं जरा पगार हातात खेळायला लागला की बऱ्याच जणांना एकच खाज सुटते, जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार. पुतण्याचा मेसेज आलाय, "काका, एमआर२ घेऊ का बॉक्स्टर, का गपगुमान माझदाची एमएक्स-५ घेऊ?" मी तिकडं असताना टोयोटाची एमआर२ वापरलीय आणि मित्राची पॉर्शे बॉक्स्टर पण बरीच चालवलीय म्हणून मला विचारतोय. त्याला जे सांगितलं तेच इथं जरा पसरून लिहितो, हा प्रश्न आणखी चार जणांच्या डोक्यात असणारच.

मिड-इंजिन म्हणजे इंजिन सीटच्या मागं पण मागच्या एक्सलच्या पुढं, थोडक्यात गाडीतली सगळ्यात जड वस्तू गाडीच्या पोटात. तशी आपली मारुती ओम्नी पण मिड-इंजिनच म्हणायची, इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना, पण तिचं पोस्टर कुणी भिंतीवर लावलं नाही. वजन मधे गोळा झालं की गाडीला स्वतःभोवती फिरायला जोर कमी लागतो, त्यामुळं स्टेअरिंग नुसतं हलवलं तरी नाक आत घुसतं. मागच्या चाकांवर वजन असल्यानं पिकअप घेताना टायर फिरत बसत नाहीत, ब्रेक मारला की वजन पुढं सरकून चारही चाकांवर बऱ्यापैकी वाटलं जातं आणि गाडी लवकर थांबते, शिवाय नाकात इंजिन नाही म्हणून बॉनेट एकदम खाली आणि समोरचा रस्ता मोकळा. रेसिंगवाल्यांना हे पटायला वेळ लागला, पण जॅक ब्रॅबमनं १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं पाठीमागं इंजिन असलेल्या कूपरमधनं वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली आणि मग बघता बघता फॉर्म्युला वनमधनं पुढच्या इंजिनच्या गाड्या गायब झाल्या. १९६६ ला लॅम्बोर्गिनीची मिउरा आली ती श्रीमंतांसाठी. बाकीच्यांसाठी मग पॉर्शे आणि फोक्सवॅगननं मिळून काढलेली ९१४, फियाटची एक्स१/९ आणि १९८४ ला टोयोटाची एमआर२.

आता भानगड कुठंय ते सांगतो, आणि हे नीट वाचा कारण कुठली गाडी घ्यायची ते यावरच ठरणार आहे.

समजा तुम्ही पाचगणीहून पसरणी घाट उतरताय. पहिला पाऊस पडून गेलाय, रस्त्यावर धूळ आणि डिझेलचा बुळबुळीत थर, आणि तुम्ही वळणात जरा जास्तच स्पीडनं शिरलाय. खाली स्विफ्ट असेल तर पुढचे टायर कुरकुरतात, गाडी बाहेर सरकायला लागते, तुम्ही दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढता, वजन पुढं येतं, पुढच्या टायरला पकड मिळते आणि गाडी परत लाईनीत येते. म्हणजे घाबरल्यावर पाय आपोआप जे करतो ते तिथं चालून जातं. मिड-इंजिन गाडीत तोच पाय तसाच उचलला की वजन मागनं पुढं पळतं, मागचे टायर हलके होतात, आणि निम्म्याहून जास्त वजन त्यांनीच वळणात धरून ठेवलेलं असतं, त्यामुळं ढुंगण बाहेर निघतं. भरलेल्या उसाच्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर उतारावर वळणातच एकदम हळू केला की मागची ट्रॉली ढकलत ढकलत बाजूला येते ना, तसं. आणि गाडी वळायला जेवढी चटकन वळते तेवढीच चटकन फिरते, त्यामुळं हाताला वेळ फार कमी मिळतो. उलटं स्टेअरिंग पटकन द्यायचं आणि त्याहून पटकन परत सरळ करायचं, नाहीतर गाडी एका बाजूनं सावरून दुसऱ्या बाजूला त्याहून जोरात झटका देते. पहिल्या झटक्यातनं वाचलेली माणसं या दुसऱ्या झटक्याला जातात. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर पुण्याकडं उतरताना जे एस वळण आहे तिथं वजन आधी एका अंगाला आणि लगेच दुसऱ्या अंगाला जातं, त्यात उतार, असल्या ठिकाणी तर बघायलाच नको.

याची दुसरी बाजू कुणी फार बोलत नाही. ओल्यात, टाईट वळणात तुम्ही गॅस देऊन गाडी बाहेर काढायला गेलात तर नाक हलकं होऊन गाडी आधी सरळच जाते, वळतच नाही, मग माणूस म्हणतो अरे ही तर पुढनं घसरतीय, आणि पाय उचलतो. पुढचं वर सांगितलंय. इंग्लंडात घाट नसला तरी राउंडअबाउट चौकाचौकात आहे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यावर ओला पाला पडलेला असतो.

उपाय अवघड नाही, फक्त सवय बदलायला लागते. ब्रेक काय मारायचा तो सरळ रस्त्यावर मारून संपवायचा, वळणात शिरताना स्पीड कमीच, मग हलका एकसारखा गॅस धरून ठेवायचा, आणि वळणाच्या मधे पाय झटकन उचलायचा नाही, कमी करायचाच तर हळूहळू. ज्याला हे जमणार नाही किंवा करायचं नाही त्यानं पुढं वाचूच नये, सरळ एमएक्स-५ घ्यावी. माझं ऐकून एकदोघांनी खरंच घेतली आणि मजेत आहेत.

आता गाड्या. पहिल्या पिढीची एमआर२, १९८४ ते ८९ वाली, १.६ इंजिन, कोपऱ्या-कोपऱ्यांचा पतंगी आकार, चालवायला भारी, पण इंग्लंडात रस्त्यावर मीठ टाकतात त्यानं बहुतेक गाड्या गंजून संपल्यात आणि ज्या चांगल्या आहेत त्या शौकिनांकडं आहेत, म्हणून बाजूला ठेवतो.

खरी लढत दुसऱ्या पिढीची एमआर२ म्हणजे एसडब्ल्यू२० आणि पहिल्या पिढीची बॉक्स्टर म्हणजे ९८६ यांची. एसडब्ल्यू२० आली १९८९ ला, दोन लिटर, दिसायला छोटी फेरारी. इंग्लंडात टोयोटानं टर्बो विकलीच नाही, तिकडं ज्या टर्बो दिसतात त्या जपानवरनं आणलेल्या. घसरण्याबद्दल बदनाम झाली ती हीच, आणि त्यातही सुरुवातीची, १४ इंची चाकांची. सुरुवातीला पुढं १९५ आणि मागं २०५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते, १९९२ च्या सुमाराला टोयोटानं सस्पेन्शनची जिऑमेट्री म्हणजे चाकं बसायचे कोन बदलले, चाकं १५ इंची केली आणि मागं २२५ दिले. म्हणजे कंपनीलाच कळलं होतं की मागं पकड कमी पडतीय. त्यामुळं एसडब्ल्यू२० घ्यायची तर १९९२ नंतरची, आणि पहिल्यांदाच मिड-इंजिन चालवणार असाल तर टर्बो नको, कारण टर्बोचा जोर उशिरा आणि एकदम येतो, तो वळणाच्या मधे आला तर काय होतं ते सांगायला नको.

९८६ बॉक्स्टर १९९६ ते २००४. सहा सिलिंडर आडवे झोपलेले, त्यामुळं वजन जमिनीजवळ. आधी २.५ लिटर, मग २.७, आणि एस मॉडेल ३.२. इंजिन मागं असून दिसतच नाही, टप उघडल्यावर त्याच्या खालनं किंवा गाडीच्या पोटातनं हात घालायचा, पण त्या बदल्यात पुढं एक डिकी आणि मागं एक. हँडलिंगमधे मला ही एमआर२ पेक्षा सरळ सरळ उजवी वाटते. पकडीचं लिमिट आहेच, पण जवळ आलं की ती सीटमधनं सांगते, मागची बाजू हळूहळू ढिली व्हायला लागते आणि माणसाला काहीतरी करायला सवड मिळते. एसडब्ल्यू२० मधे हीच सूचना उशिरा येते. २००१ मॉडेलपासनं बॉक्स्टरला पीएसएम म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल, गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, ऑप्शन म्हणून मिळायचं, ते असलेली मिळाली तर शे-दोनशे पाउंड जास्त द्या, डोळे झाकून. एसडब्ल्यू२० मधे असलं काही नाही, तिथं कंट्रोल म्हणजे तुमचा उजवा पाय.

मग सगळ्यांनी बॉक्स्टरच घ्यावी का? इथं खिसा येतो. ९८६ च्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग असतं, आयएमएस म्हणतात, सगळ्यांचं जात नाही पण ज्याचं जातं त्याचं इंजिनच जातं. साधारण २००० नंतरच्या गाड्यांत सिंगल रो म्हणजे गोळ्यांच्या एकाच ओळीचं बेअरिंग आहे ते जास्त नाजूक, आधीचं डबल रो म्हणजे दोन ओळींचं बरं. बदलायला गिअरबॉक्स उतरवायला लागतो म्हणून शहाणी माणसं क्लच बदलतानाच ते बदलून घेतात, तेव्हा विकणाऱ्याला क्लचचं बिल मागा आणि त्यात बेअरिंग लिहिलंय का बघा. पुढच्या बंपरच्या तोंडात पाला साठून रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर सडतात, टपाचं पाणी जायच्या नळ्या तुंबल्या तर पाणी सीटखाली जातं आणि तिथंच इमोबिलायझरचा, म्हणजे चोरीपासनं वाचवणाऱ्या यंत्रणेचा, कंट्रोल बॉक्स ठेवलाय, असली अक्कल कुणी लढवली देव जाणे. गाडी स्वस्तात मिळते पण पार्टचं बिल पॉर्शेचंच येतं.

एमआर२ चं इंजिन त्यामानानं दणकट. तिचं दुखणं म्हणजे गंज, मागच्या चाकांच्या कमानी आणि सिल म्हणजे दाराखालचा पत्रा आधी बघा, टी-बार टपातनं (मधे पट्टी आणि दोन्हीकडं निघणाऱ्या काचा) गळती, आणि इंजिन मागं रेडिएटर पुढं असल्यानं पाण्याचे लांबलचक पाइप गाडीखालनं गेलेत, कूलंट बदलल्यावर त्यातली हवा नीट काढली नाही तर इंजिन तापतं.

तिसऱ्या पिढीची एमआर२, १९९९ ते २००७, १.८ इंजिन, वजन एक टनाच्या आत. हिच्यावर लोक उगाच नाक मुरडतात, मला आवडते. पॉवर बेताची, म्हणून भानगडीत पडायलाही मेहनत करावी लागते. सामान ठेवायला मात्र जागा जवळजवळ नाहीच, सीटमागं एक कप्पा, त्यात दिवाळीचा फराळाचा डबा बसेल फार तर. सुरुवातीच्या गाड्यांत मॅनिफोल्डमधले प्री-कॅट म्हणजे धूर साफ करणारे छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भुगा होऊन इंजिनात जातात आणि मग ती ऑइल प्यायला लागते, त्यामुळं डिपस्टिक बघितल्याशिवाय बोलणीच नकोत. एमजी एफ पण याच काळातली मिड-इंजिन, स्वस्त, पण इंजिनाचं हेड गॅस्केट जायची खोड, म्हणून सोडतो.

एमएक्स-५ पुढच्या इंजिनची, मागच्या चाकांची, वजन जवळजवळ निम्मं-निम्मं. मागं घसरली तरी सावकाश घसरते, त्यामुळं शिकायला हिच्यासारखी नाही. गंज मात्र हिलाही सोडत नाही, सिल बघा, आणि १९९८ ते २००५ वालीत पुढच्या चासी रेल म्हणजे सांगाड्याच्या लांब पट्ट्या खाली वाकून बघा.

आणि एक, जे माझ्या मते मॉडेलपेक्षा मोठं आहे. या गाड्या पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्यात, निम्मी भीती आता डिझाइनची नाही, म्हाताऱ्या रबराची आहे. मागच्या सस्पेन्शनचे बुश म्हणजे सांध्यातले रबर फाटले की पाय उचलल्यावर मागची चाकं स्वतःच जराशी वळतात, आणि ड्रायव्हरला वाटतं गाडीच वाईट. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, नक्षी नवीकोरी असून रबर दहा वर्षांचं दगड झालेलं मी कितीदा बघितलंय, कारण असल्या गाड्या चालतात कमी, उभ्याच जास्त. पुढं चांगल्या कंपनीचे आणि मागं कुठले तरी स्वस्तातले टायर लावलेली मिड-इंजिन गाडी दिसली तर हात जोडून निघून यायचं. विकत घेतल्यावर पहिला खर्च म्हणजे चारही टायर, मागचे बुश आणि चारही चाकांचं अलाइनमेंट, टप आणि स्टिरिओ नंतर.

पुतण्याला मी सांगितलं ते असं. गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे बाजूला पडून असतील तर ९८६, २.७, पीएसएमवाली, बेअरिंगचं बिल असलेली. तेवढे नसतील तर तिसऱ्या पिढीची एमआर२. एसडब्ल्यू२० दिसायला सगळ्यांत देखणी आहे हे मान्य, पण ती दुसरी गाडी म्हणून घ्यायची, पहिली नाही. आणि विमा आधी विचारायचा, पंचविशीच्या आतल्याला तो आकडा बघूनच निम्मा उत्साह मावळतो.

यातली एखादी साताऱ्याला आणता येईल का, असंही काही जण विचारतात. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करायला साधारणपणे परवानगीच नाही, त्यामुळं तो विषय संपला. इथंच विकली गेलेली जुनी बॉक्स्टर किंवा तिचीच बंद टपाची बहीण केमन पुण्या-मुंबईकडं कधीमधी विकायला निघते, पण आयात गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी २०२२ ला ४०,००० रुपये झाली आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासनं ती ८०,००० केलीय, यवतेश्वर चढून कासला जाईपर्यंत पोट किती वेळा घासेल ते तुम्हीच मोजा, आणि गावातल्या अलाइनमेंटवाल्याला हिची मागची चाकं पण ॲडजस्ट होतात हे पटवून देण्यात तुमचा अर्धा दिवस जाईल.