हंगामी वसतिगृह: आमचा एका हंगामाचा अनुभव

आम्ही बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. दिवाळीच्या सुमारास आमचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कारखान्याला जातो, तो उन्हाळ्यातच परततो. २००९च्या कायद्यानं ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय, पण शाळा गावात आणि लेकरं फडात, मग तो हक्क घ्यायचा कुठं? थोरली आमच्यासोबत यायची तेव्हा दिवसभर धाकट्याला सांभाळायची. तिचं दुसरीचं वर्ष असंच गेलं.

यंदा दोघांची नावं गावातल्या हंगामी वसतिगृहात, म्हणजे तोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी हंगामापुरत्या सोयीत, घातली आणि त्यांना राहायला आजीजवळ ठेवलं. सकाळ-संध्याकाळचं जेवण तिथं, दुपारचं शाळेत. जेवण ताजं, पोटभर. स्वयंपाकाच्या बाई गावातल्याच, लेकरू रुसलं तर जवळ घेऊन भरवतात. पण सुरू व्हायला फार उशीर झाला. आम्ही गेल्यावर तीन आठवडे म्हातारीनंच चुलीपुढं काढले, आणि तिचे गुडघे आधीच गेलेले. नावनोंदणी गाड्या निघायच्या आधी व्हायला हवी. मुलींच्या मुक्कामाची वेगळी सोय नाही, हेही खटकलं.

तरी पुढच्या वर्षी तिथंच ठेवणार. मार्चमध्ये लेकीनं फोनवर अख्खा धडा वाचून दाखवला, न अडखळता. मी फडातच खाली बसलो.