२०१३ की २०१६? एनबीएची एकच अंतिम मालिका सलग पाहायची असेल तर

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीच्या मालिका, एप्रिलच्या मध्यावर सुरू होतात आणि अंतिम मालिका जूनमध्ये संपते. अमेरिकेतल्या रात्रीच्या वेळेप्रमाणे होणारे हे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाच ते साडेसहाच्या सुमारास लागतात. त्यामुळे कामावर जाण्याच्या गडबडीत शेवटचा क्वार्टर, म्हणजे सामन्याचा शेवटचा पाव हिस्सा, हुकतो आणि बहुतेकांच्या वाट्याला येतात ती दिवसभर फिरणारी दोन-दोन मिनिटांची क्षणचित्रे. एखादी मालिका पहिल्या सामन्यापासून निर्णायक सामन्यापर्यंत क्रमाने पाहायचे ज्याने ठरवले आहे, त्याला जाणकार मंडळी हमखास दोन नावे सांगतात: २०१३ ची मायामी हीट विरुद्ध सॅन अँटोनिओ स्पर्स आणि २०१६ ची क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स विरुद्ध गोल्डन स्टेट वॉरियर्स. टाइमआउट आणि विश्रांती धरून एक सामना साधारण अडीच तासांचा असतो, म्हणजे सात सामन्यांना सतरा-अठरा तास लागतात. दोन्ही मालिका पाहण्याइतकी सवड नसेल तर निवड विचारपूर्वक केलेली बरी.

या दोन मालिकांची तुलना योग्य ठरते, कारण त्यांत बरेच काही समान आहे. दोन्ही मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेल्या (आधी चार सामने जिंकणारा संघ मालिका जिंकतो), दोन्ही लेब्रॉन जेम्सच्या संघाने जिंकल्या आणि दोन्ही वेळा मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. २०१३ मध्ये तो २८ वर्षांचा होता आणि २०१६ मध्ये ३१ वर्षांचा. मात्र दोन्ही वेळा त्याच्यासमोर आलेले प्रश्न इतके वेगळे होते की एकाच खेळाडूची ही दोन रूपे पाहणे हेच या तुलनेचे निम्मे कारण ठरावे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. सात सामन्यांची मालिका म्हणजे सात रोमहर्षक सामने, असे नवख्या प्रेक्षकाला वाटते, पण तसे होत नाही. २०१६ च्या पहिल्या सहा सामन्यांतील जय-पराजयाचे अंतर अनुक्रमे १५, ३३, ३०, ११, १५ आणि १४ गुणांचे होते, म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत श्वास रोखून पाहावा असा त्यांत एकही सामना नव्हता. २०१३ मध्येही दुसरा सामना १९, तिसरा ३६ आणि चौथा १६ गुणांनी एकतर्फी झाला. पण पहिला ४, सहावा ३ आणि सातवा ७ गुणांच्या फरकाने संपला, शिवाय पाचव्यातले अंतरही १० गुणांचेच होते. केवळ चुरशीचा निकष लावला तर २०१३ चे पारडे जड आहे. ज्याला सातही सामने बघायचे आहेत त्याने हे आधी जाणून घ्यावे, अन्यथा २०१६ चा दुसरा सामना (वॉरियर्स ११०, कॅव्हेलियर्स ७७) पाहून तिसऱ्याकडे वळण्याची इच्छाच उरणार नाही.

आता खेळाकडे येऊ. बास्केटबॉल शिकण्यासाठी, म्हणजे चेंडूकडे न पाहता चेंडूविना धावणाऱ्या चार खेळाडूंकडे पाहण्याची सवय लावण्यासाठी, २०१३ ची मालिका अधिक उपयोगी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांच्या स्पर्स संघात अमेरिकेबाहेरून आलेले खेळाडू पुष्कळ होते: फ्रान्सचे टोनी पार्कर आणि बोरिस डियाव, अर्जेंटिनाचा मनू जिनोबिली, ब्राझीलचा टियागो स्प्लिटर. त्यांच्या आक्रमणाची रीत खो-खोच्या साखळीसारखी होती. पार्करने एका बचावपटूला चकवले की दुसरा मदतीला येई, मग दुसऱ्याने सोडलेल्या माणसाकडे पास जाई, तो झाकायला तिसरा धावला की चेंडू कोपऱ्यात पोहोचे आणि तिथे डॅनी ग्रीन मोकळा उभा असे. तिसऱ्या सामन्यात या साखळीतून स्पर्सनी १६ थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे फटके) टाकले, त्यांतले ७ एकट्या ग्रीनचे. पाचव्या सामन्यात त्याने एका अंतिम मालिकेतील थ्री-पॉइंटरचा विक्रम मोडला. तो विक्रम रे ॲलनचा होता आणि ॲलन त्या वेळी समोरच्याच संघात खेळत होता.

हीटचे उत्तर आक्रमक बचावाचे होते. पिक-अँड-रोल (सहकाऱ्याने बचावपटूची वाट अंगाने अडवायची आणि मग बास्केटकडे सुटायचे) सुरू होताच चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्यावर दोघांनी तुटून पडायचे आणि मागे राहिलेल्या तिघांनी चौघांना सांभाळायचे, अशी प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्रा यांची रचना होती. ती साधली की चेंडू हिसकावला जाई आणि ड्वेन वेड व लेब्रॉन मोकळ्या मैदानात सुसाट सुटत, पण ती फसली की कोपरा उघडा पडे. तिसरा सामना ३६ गुणांनी हरलेल्या संघाने चौथा १६ गुणांनी जिंकला, यामागचे कारण या एका धाग्यात सापडते. म्हणूनच एकतर्फी असूनही हे सामने बघताना शिकायला मिळते.

या मालिकेतील लेब्रॉनची गोष्ट एका फटक्याभोवती फिरते. तो बास्केटकडे घुसू नये म्हणून स्पर्सचे बचावपटू त्याच्यापासून चार पावले मागे उभे राहत आणि लांबून फटका मारण्याचे जणू आमंत्रणच देत. पहिल्या तीन सामन्यांत त्याचे गुण १८, १७ आणि १५ असे राहिले. मोकळी जागा समोर असूनही तो कचरत होता आणि ते पडद्यावर स्पष्ट दिसते. सातव्या सामन्यात त्याने ३७ गुण केले, त्यांत ५ थ्री-पॉइंटर होते. ९०-८८ अशी आघाडी असताना, शेवटच्या अर्ध्या मिनिटात, सामना पक्का करणारा फटकाही त्याने मारला तो नेमका स्पर्सनी त्याच्यासाठी मोकळ्या सोडलेल्या त्या मधल्या पट्ट्यातून. त्याआधीच्या चढाईत स्पर्सच्या टिम डंकनचा अगदी जवळचा फटका चुकला होता, त्यानंतर पुन्हा ढकललेला चेंडूही रिंगला लागून बाहेर आला होता. ३७ वर्षांच्या त्या शांत माणसाने दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. स्पर्सकडे झुकते माप देणाऱ्या माझ्यासारख्याला ते दृश्य आजही बघवत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सहाव्या सामन्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. मालिकेत स्पर्स ३-२ ने पुढे होते. डंकनने पूर्वार्धातच २५ गुण केले होते आणि शेवटची २८ सेकंद उरली असताना स्पर्स ९४-८९ असे आघाडीवर होते. करंडक प्रदानाच्या तयारीसाठी मैदानाभोवती पिवळ्या दोऱ्या बांधायला सुरुवात झाली होती आणि मायामीचे काही प्रेक्षक उठून बाहेरही पडले होते. त्यापूर्वी याच क्वार्टरमध्ये हीटच्या माइक मिलरने एका पायात बूट नसताना थ्री-पॉइंटर टाकला होता आणि लेब्रॉनच्या कपाळावरची पट्टी गळून पडली होती. लेब्रॉनने एक थ्री-पॉइंटर टाकून अंतर दोनवर आणले. मग स्पर्सच्या कवाई लेनर्डचा दोनपैकी एक फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा फटका) चुकला आणि फलक ९५-९२ झाला. शेवटच्या बचावासाठी पॉपोविच यांनी डंकनला बाहेर बसवले. हीटचे पाचही खेळाडू लांबून मारू शकतात, तेव्हा बाहेरच्या रेषेवर राखायची माणसे आपसांत झपाट्याने बदलू शकणारे पाच जण हवेत, हा त्यामागचा हिशेब होता. लेब्रॉनचा फटका चुकला, हिशेब खरा ठरला, पण रिबाउंड (चुकून परतलेला चेंडू) घ्यायला डंकन नव्हता आणि चेंडू हीटच्या ख्रिस बॉशच्या हाती गेला. बॉशने तो रे ॲलनकडे दिला. ॲलन उलट्या पावलांनी उजव्या कोपऱ्याकडे सरकत होता, खाली न पाहता त्याने पाय रेषेबाहेर ठेवले आणि ५.२ सेकंद उरली असताना बरोबरी साधली. जादा वेळेत हीट १०३-१०० ने जिंकले. तीन गुणांची आघाडी असताना मुद्दाम फाउल करावा की नाही आणि उंच खेळाडूला अशा वेळी बाहेर बसवावे की नाही, हे वाद बास्केटबॉलमध्ये आजही या सामन्याचा दाखला देऊनच घातले जातात. केवळ अडीच तास हाताशी असतील तर बाकी सगळे सोडून हा एक सामना पाहावा.

मग २०१६ कोणी पाहावी? ज्याला पटावरच्या चालींपेक्षा माणसांच्या जिद्दीत आणि नाट्यात अधिक रस आहे त्याने. वॉरियर्सनी त्या मोसमात ८२ पैकी ७३ सामने जिंकून शिकागो बुल्सचा १९९५-९६ चा ७२ विजयांचा विक्रम मागे टाकला होता. त्यांचा स्टीफन करी हा एकमताने मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला पहिला खेळाडू होता. दुसरीकडे, १९६४ नंतर क्लीव्हलँडच्या एकाही प्रमुख व्यावसायिक संघाने विजेतेपद मिळवले नव्हते, आणि शेजारच्या ॲक्रन गावात वाढलेला लेब्रॉन चार वर्षे मायामीत काढून २०१४ मध्ये घरच्या संघात परतला होता. ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर २०१६ ची मालिका निम्मीच कळते. २०१३ चे तसे नाही. ती कोऱ्या पाटीने पाहिली तरी समजते.

वॉरियर्स ३-१ ने पुढे गेले तेव्हा मालिका संपल्यात जमा होती, कारण अंतिम मालिकेत त्या स्थितीतून कोणताही संघ तोवर सावरलेला नव्हता. चौथ्या सामन्याच्या अखेरीस वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन आणि लेब्रॉन यांच्यात झटापट झाली. प्लेऑफमध्ये साचलेल्या गंभीर फाउलांमुळे ग्रीनवर पाचव्या सामन्यापुरती बंदी आली आणि त्याच सामन्यात वॉरियर्सच्या अँड्र्यू बोगटच्या गुडघ्याला दुखापत झाली. बास्केटजवळचा पहारा असा उठल्यावर लेब्रॉन आणि त्याचा सहकारी कायरी अर्व्हिंग यांनी प्रत्येकी ४१ गुण केले. अंतिम मालिकेच्या एकाच सामन्यात एका संघाच्या दोघांनी चाळिशी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती. सहाव्या सामन्यात लेब्रॉनने पुन्हा ४१ गुण केले आणि सहावा फाउल होऊन बाद झालेल्या करीने तोंडातला दंतरक्षक भिरकावला. बंदी नसती तर काय झाले असते, हा प्रश्न वॉरियर्सच्या चाहत्यांना अजून छळतो, आणि माझ्या मते त्यात तथ्य आहे. मात्र त्यावरून क्लीव्हलँडचे यश उणे ठरवणे अन्यायाचे होईल, कारण सातव्या सामन्यात ग्रीन मैदानात होता आणि ३२ गुण, १५ रिबाउंड व ९ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) करूनही त्याचा संघ हरला.

डावपेचांच्या दृष्टीने २०१६ मध्ये पाहण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे, आणि ती एकदा डोळ्यांत भरली की पुढच्या दशकातले प्लेऑफ समजू लागतात. करी ज्या खेळाडूला राखत असे त्यालाच कॅव्हेलियर्स स्क्रीन लावायला (बचावपटूची वाट अंगाने अडवायला) बोलावत, त्यामुळे बचावात अदलाबदल होऊन करीला अर्व्हिंग किंवा लेब्रॉनसमोर एकट्याने उभे राहावे लागे. प्रतिस्पर्ध्यांतला सर्वांत कमकुवत बचावपटू शोधायचा आणि वारंवार त्यालाच गाठायचे, ही रीत प्रभावी आहे, पण डोळ्यांना फारशी सुखावणारी नाही. चार जण उभे आणि एक जण चेंडू आपटत आहे, असे बरेच काळ दिसते. स्पर्सचे पास पाहून आलेल्याला ते रुक्ष वाटेल.

सातवा सामना मात्र सगळ्याची भरपाई करतो. पहिल्या सहा सामन्यांनंतर दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज प्रत्येकी ६१० अशी सारखी होती. सातव्यात ८९-८९ अशी बरोबरी झाल्यावर जवळजवळ पावणेचार मिनिटे कोणालाही एक गुणसुद्धा मिळाला नाही. नेमबाजीचा हा काही आदर्श नमुना नव्हे, दमलेल्या खेळाडूंचे फटके आखूड पडत होते. त्या काळात वॉरियर्सचा आंद्रे इग्वोडाला मोकळ्या बास्केटकडे झेपावला आणि मागून संपूर्ण मैदान पार करून आलेल्या लेब्रॉनने चेंडू बोर्डवर चेपून टाकला. हा ब्लॉक क्षणचित्रांत सर्वांनी पाहिलेला असतो. पण त्याआधीचे सहा सामने पचवले असतील तरच त्याचे वजन कळते. पुढे ५३ सेकंद उरली असताना अर्व्हिंगने करीच्या डोक्यावरून थ्री-पॉइंटर टाकला तो याच अदलाबदलीच्या डावातून, आणि लगेच पुढच्या चढाईत कॅव्हेलियर्सचा अवजड केव्हिन लव्ह करीसमोर नाचत टिकून राहिला. निकाल ९३-८९ लागला. गुण, रिबाउंड, असिस्ट, ब्लॉक आणि हिसकावलेले चेंडू या पाचही बाबतींत लेब्रॉन संपूर्ण मालिकेत दोन्ही संघांत अव्वल होता.

तेव्हा शाळेत किंवा क्लबात बास्केटबॉल खेळलेल्याने, अथवा मुलांना खेळ समजावून देऊ पाहणाऱ्याने २०१३ घ्यावी आणि सातही सामने पाहावेत, फार तर तिसऱ्याचा उत्तरार्ध सोडावा. ज्याला बास्केटबॉलचे विशेष वेड नाही, पण खेळातली मोठी उलथापालथ अनुभवायची आहे, त्याने २०१६ चे पहिले तीन सामने संक्षिप्त रूपात उरकून चौथ्यापासून पूर्ण पाहायला बसावे. त्याला आणखी एका संध्याकाळची सवड असेल तर त्याच वर्षीच्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतला ओक्लाहोमा सिटीविरुद्धचा सहावा सामना जोडावा. त्यात क्ले थॉम्प्सनने ११ थ्री-पॉइंटर टाकून वॉरियर्सना वाचवले होते.

२०१३ निवडणाऱ्याला एक जादा लाभ आहे. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. सॅन अँटोनिओतल्या पहिल्या सामन्यात वातानुकूलन बंद पडले आणि लेब्रॉनच्या पायात गोळे आले. त्यानंतर स्पर्सनी मालिका ४-१ ने जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला तो लेनर्डला, आदल्या वर्षी एक फ्री थ्रो चुकलेल्या त्याच खेळाडूला. मालिका पाचच सामन्यांची आहे, आणि तिसऱ्या सामन्याच्या पूर्वार्धात स्पर्सनी ७१ गुण केले ते पाहण्यासाठी तरी ती लगोलग लावावी.