कंपनीचा टी-शर्ट: गोल गळा घ्यावा की कॉलर?

वर्धापनदिन जवळ आला की दीडेकशे माणसांसाठी टी-शर्ट काढायचं काम ॲडमिन किंवा एचआरमधल्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं. विक्रेता टेबलावर दोन नमुने टाकतो. एक गोल गळ्याचा, सुती, छातीभर छपाईचा. दुसरा कॉलरवाला, मॅटी कापडाचा, डाव्या छातीवर एम्ब्रॉयडरी केलेला. दर बघितला तर गोल गळा हमखास स्वस्त. पण दर नगावर न लावता तो किती वेळा घातला जाईल त्यावर लावून बघा. रविवारी मंडईत जाताना माणूस तो अंगात घालणार नसेल, तर महिन्याभरात त्याने गाडी पुसली जाते.

गोल गळ्याची बाजू आधी घेऊ. सुती होजियरीचं कापड १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचं, बायो-वॉश केलेलं (एन्झाइमने धुऊन वरचे तंतू काढलेलं) घेतलं तर अंगाला मऊ लागतं आणि पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात बरं वाटतं. विक्रेता १४०-१५० जीएसएमचं दाखवत असेल तर कापड उजेडासमोर धरून बघा, पलीकडचं दिसेल. तरुण टीम असेल, जीन्सवर घालायचा असेल, तर कॉलरपेक्षा हाच आवडतो. अडचण कापडाची नसते, छपाईची असते. एक-दोन रंग आणि मोठी संख्या असेल तर स्क्रीन प्रिंट घ्या. ते टिकतं आणि संख्या वाढेल तसा दर उतरतो. बहुरंगी चित्र आणि नग थोडे असतील तर विक्रेता डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवलेलं चित्र) सुचवेल. डीटीएफ छोट्या आकारात ठीक. छातीभर घेतलं की प्लास्टिकचा पापुद्रा पोटाला बांधल्यासारखं होतं, त्याखाली घाम साचतो आणि थेट इस्त्री फिरली की काम संपलं.

कॉलरवाल्याचं तसं नाही. मॅटीचं विणकाम जाळीदार, वजन २२० ते २४० जीएसएम, त्यामुळे टी-शर्ट अंगावर नीट पडतो, सुटलेलं पोटही थोडं झाकतो. (हे खरेदीच्या तक्त्यात कुणी लिहीत नाही, पण चाळिशीतल्या माणसाचा निर्णय तिथेच होतो.) ग्राहकाकडे मीटिंगला चालतो, लेकाच्या शाळेत पालकसभेलाही चालतो. स्वस्तातला मॅटी बहुधा पॉलिस्टर-कॉटन मिश्रणाचा असतो. त्याचा रंग टिकतो, पण काखेत आणि पोटावर लवकर गोळे धरतात. शुद्ध सुती घेतलात तर गोळे कमी, मात्र काळा आणि नेव्ही ब्लू धुता धुता उतरत जातात.

एम्ब्रॉयडरीचा दर टाक्यांच्या संख्येवर ठरतो, म्हणून लोगो लहान ठेवणं खिशालाही परवडतं. पाच मिलिमीटरपेक्षा बुटकी अक्षरं धाग्यात गिचमिडतात. लोगोखालचं घोषवाक्य सरळ काढून टाका. हीच एम्ब्रॉयडरी पातळ गोल गळ्यावर करू नका, कापड गोळा होतं आणि टाक्यांना आधार म्हणून आतून लावलेलं बॅकिंग छातीला टोचतं.

रेने लाकोस्त या टेनिसपटूने १९३३ मध्ये भागीदारासह असा कॉलरवाला शर्ट विकायला काढला तेव्हा छातीवर मगर होती, तीही छोटीच. लोक पदरचे पैसे घालून तो घेत आले. आपल्याकडे मात्र साहेबांना लोगो ‘जरा मोठा’ हवा असतो. माझं मत विचाराल तर पैसे कापडावर खर्च करा आणि लोगो कापडाच्याच रंगाच्या, एखादी छटा गडद धाग्यात, बाहीवर घ्या. ‘स्नेहसंमेलन २०२५’ असलं काही छापू नका. ३१ डिसेंबरला तो टी-शर्ट शिळा होतो.

तिसरा पर्याय ड्राय-फिट पॉलिस्टरचा. मॅरेथॉन, क्रिकेट सामने, पावसाळी ट्रेक यांसाठी उत्तम, कारण लगेच वाळतो. दिवसभर ऑफिसात किंवा लोकलच्या गर्दीत नको; पॉलिस्टर शरीराचं तेल धरून ठेवतं आणि वास धुऊनही पुरता जात नाही. लाल किंवा मरून पॉलिस्टरवर पांढरा लोगो छापायचा असेल तर छपाईवाल्याला आधीच विचारा: उष्णतेने कापडाचा रंग शाईत चढतो आणि पांढरा गुलाबी होतो. वेल्डिंग, भट्टी, ठिणग्यांच्या जागी तर पॉलिस्टर अजिबात नको, ते वितळून कातडीला चिकटतं. चाकण-रांजणगावच्या शॉपफ्लोअरचा विचार चालू असेल तर तो वेगळाच विषय: तिथे शिवलेला कामाचा गणवेश लागतो, आणि त्यासाठी तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या होजियरीवाल्यांपेक्षा सोलापूरचे गणवेशवाले विचारावेत.

हिवाळ्यासाठी जॅकेटचा मोह झाला तर कराकडे बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याच्या नगावर जीएसटी ५ टक्के, त्याहून महाग असेल तर १८ टक्के.

मापांबाबत दोन्हीकडे घोळ सारखाच. ‘एल’ म्हणजे कुणाकडे ४० इंच, कुणाकडे ४२. गूगल फॉर्मवर माप मागवण्यापेक्षा प्रत्येक मापाचा एकेक नग मागवून तीन-चार दिवस ऑफिसात ठेवा आणि लोकांना घालून बघू द्या. बायकांसाठी वेगळा कट मागाच. पुरुषांचा ‘एस’ खांद्यावरून ओघळतो. ऑर्डर पक्की करण्याआधी छपाईसकट एक नग घरच्या वॉशिंग मशीनमध्ये चार-पाचदा धुऊन, मोजून घ्या. लांबी इंचभर आटली तर विक्रेता बदला.