एनपीटेलचा १२ आठवड्यांचा कोर्स की कॉलेजातला तास? सेमिस्टरभर दोन्ही वापरल्यानंतर

स्वयं या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचा एनपीटेलचा (आयआयटी आणि आयआयएस्सीच्या उपक्रमाचा) कोर्स आणि त्याच विषयाचे वर्गातले तास, दोन्ही जोडीने चालवले तर काय होतं, ते इथे लिहिलंय. विषय डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे प्रोग्रॅममध्ये माहिती साठवायच्या रचना.

एनपीटेलवरच्या शिकवण्याच्या दर्जाबद्दल वादच नाही. आठवड्याला साधारण अडीच तासांचे व्हिडिओ. गोची वेगळीच आहे: बघताना सगळं समजतंय असं वाटत राहतं. रिकर्शनमध्ये (फंक्शन स्वतःलाच बोलावतं तेव्हा) स्क्रीनवर ३ चा फॅक्टोरियल (३×२×१) उलगडतो, मान डोलते. पण वही उघडून स्टॅकवर (शेवटी चढलेलं आधी उतरतं अशी चळत) काय आधी चढतं आणि काय आधी उतरतं हे मांडायला बसलं की तिसऱ्या ओळीला पेन अडतं. वर्गात मॅडम खडू हातात धरून “पुढे काय?” विचारतात आणि तीच गफलत दोन मिनिटांत उघडी पडते. घरी त्यावर उपाय एकच: उदाहरण मांडून झालं की व्हिडिओ थांबवायचा, उत्तर स्वतः काढायचं, मगच पुढे जायचं. अर्ध्या तासाच्या व्हिडिओला पाऊण तास धरा. दीडपट वेग फक्त उजळणीसाठी.

खरा घोळ गुणांचा. असाइनमेंट २५, परीक्षा ७५. १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, म्हणून नवव्या आठवड्यापासून मुलं गायब! परीक्षेला मात्र बाराही आठवडे येतात. त्यात असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवर फिरतात. ती टिपून २५ पैकी २५ मिळवले आणि परीक्षेत २८ पडले, तर बेरीज ५३. तरीही सर्टिफिकेट नाही, कारण परीक्षेत किमान ३० लागतात. असाइनमेंटमध्ये किमान १०. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, घरबसल्या नाही. नाव नोंदवणं फुकट, फी परीक्षेचीच.

प्रॅक्टिकलला पर्याय नाही. सेगमेंटेशन फॉल्ट आला (नको त्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्रॅम बंद पडला) की शेजारी उभं राहून “पॉइंटरला मेमरी दिलीस का?” विचारणारं माणूस लागतं. चर्चा फोरमवर उत्तर मिळतं, पण तोवर त्या आठवड्याची मुदतही संपलेली असू शकते.

क्रेडिटसाठी, म्हणजे कोर्स पदवीत धरला जावा म्हणून घेत असाल तर सेमिस्टर सुरू होण्याआधीच विभागाकडून लेखी मंजुरी घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून चालतात, पण कोणता कोर्स कोणत्या पेपरऐवजी धरायचा हे विद्यापीठ ठरवतं. एनपीटेलचं वेळापत्रक जानेवारी आणि जुलैचं. विद्यापीठाचं पुढे-मागे झालं तर निकाल उशिरा येतो आणि गुणपत्रिकेतला तो रकाना रिकामाच राहतो.